चुकलेलं वर्ष, वितळलेला कातळ

कर्क राशीतल्या एका ताऱ्याभोवती फिरणाऱ्या ग्रहाचं वर्ष १७ तास ४१ मिनिटांचं आहे. आपल्याकडे सकाळी सहाला चहा उकळत असताना त्याची फेरी सुरू झाली, तर रात्री पावणेबाराच्या आत ती पुरी होते. ग्रहाचं नाव ‘५५ कॅन्क्री ई’. वस्तुमान पृथ्वीच्या सुमारे आठपट, व्यास जवळपास दुप्पट. अशा ग्रहांना महापृथ्वी म्हणतात. नावात पृथ्वी असली तरी तिथं पाऊल ठेवण्याजोगं काही नाही.

तारा आपल्या सूर्यासारखाच, किंचित लहान आणि किंचित थंड. ग्रह मात्र त्याला जवळजवळ चिकटलेला. बुध सूर्यापासून सरासरी ५ कोटी ८० लाख किलोमीटरवर आहे. हा आपल्या ताऱ्यापासून फक्त २३ लाख किलोमीटरवर. हात लांब करून तीन मुठी एकावर एक धरा. तिथल्या आकाशात तारा एवढा मोठा दिसेल. आपल्या सूर्यबिंबापेक्षा रुंदीला साठपटीहून जास्त.

मला या ग्रहाचं सगळ्यात मोठं आकर्षण वाटतं ते त्याच्या धगीचं नाही. त्याच्याबद्दलची आपली समजूत किती वेळा चुकली आणि प्रत्येक वेळी ती कुणी, कशी दुरुस्त केली, याचं आहे.

२००४ मध्ये बार्बरा मॅकआर्थर आणि सहकाऱ्यांनी तो शोधला, तेव्हा त्याचं वर्ष २.८ दिवसांचं ठरलं होतं. ग्रह दिसत नव्हताच. त्याच्या ओढीनं तारा किंचित डुलतो, त्या डुलण्यावरून हे गणित मांडलेलं होतं. समजा, एक माणूस देवळाला सारख्या प्रदक्षिणा घालतोय आणि तुम्ही दिवसातून एकदाच दारातून डोकावता. काल तो जिथं होता, तिथून आज फेरीच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडा पुढे दिसतो. तुम्हाला वाटतं, दिवसभरात तो एवढंच चालला. प्रत्यक्षात मधल्या वेळात त्यानं एक अख्खी प्रदक्षिणा घालून वर तेवढं अंतर कापलेलं असतं. दुर्बिणीही रात्रीच पाहतात, म्हणजे साधारण चोवीस तासांच्या अंतरानं. तिथंच फसगत झाली.

२०१० मध्ये रिबेका डॉसन या संशोधक विद्यार्थिनीनं डॅनियल फॅब्रिकी यांच्यासोबत जुनीच निरीक्षणं पुन्हा तपासली आणि खरा काळ दाखवून दिला. नवी दुर्बीण नाही, नवा उपग्रह नाही. होती ती आकडेवारी नीट वाचली, एवढंच. माझ्या मते या ग्रहाच्या कहाणीतलं सगळ्यात देखणं काम हेच.

त्या दुरुस्तीचं फळ लगेच मिळालं. ग्रह इतका जवळ असेल, तर आपल्या दृष्टीनं तो ताऱ्यासमोरून जाण्याची शक्यता चारात एक एवढी वाढते. २०११ मध्ये कॅनडाच्या ‘मोस्ट’ या सुटकेसएवढ्या उपग्रहानं आणि ‘नासा’च्या स्पिट्झर दुर्बिणीनं ते अधिक्रमण टिपलं. ताऱ्याचा प्रकाश दहा हजारात जेमतेम तीन-चार भागांनी घटला होता. तेवढ्यावरून ग्रहाचा आकार कळला आणि मग घनताही.

पुढच्याच वर्षी ‘हिऱ्याचा ग्रह’ म्हणून त्याची जगभर चर्चा झाली. येल विद्यापीठातले निक्कू मधुसूदन यांनी त्याच्या पोटात कार्बनचं प्रमाण मोठं असू शकतं, असं गणित मांडलं होतं. ताऱ्यात ऑक्सिजनपेक्षा कार्बन जास्त आहे, या मोजमापाचा त्याला आधार होता. २०१३ मध्ये जोहाना टेस्के आणि सहकाऱ्यांनी ताऱ्याचा प्रकाश पुन्हा तपासला, तर ऑक्सिजनच जास्त निघाला. हिऱ्याची बातमी घरोघरी पोचली. दुरुस्तीची फारशी कुणी छापली नाही.

मग तिथं आहे तरी काय? आपल्या घरातला पाटा-वरवंटा ज्या काळ्या दगडाचा, सह्याद्री ज्याचा, तो बेसॉल्ट साधारण १२०० अंश सेल्सिअसला वितळतो. या ग्रहाची एकच बाजू कायम ताऱ्याकडे असते, असं मानलं जातं. तिथं दगड टिकूच शकत नाही. तिथं शिलारसाचा समुद्र असणार.

२०२४ मध्ये रेन्यू हू यांच्या गटानं जेम्स वेब दुर्बिणीची निरीक्षणं प्रसिद्ध केली. युक्ती साधी आहे. ग्रह ताऱ्याच्या मागे जाण्याआधी दोघांचा मिळून प्रकाश मोजायचा, तो मागे दडला की एकट्या ताऱ्याचा. वजाबाकी केली की उरतो तो ग्रहाचा. या वजाबाकीतून दिवसाच्या बाजूचं तापमान सुमारे १५४० अंश निघालं. हवाच नसती, तर ते २२०० अंशांच्या घरात असायला हवं होतं. म्हणजे उष्णता कुणीतरी रात्रीच्या बाजूकडे वाहून नेतंय. ती नेणारं वातावरण बहुधा कार्बन मोनॉक्साइडचं किंवा कार्बन डायऑक्साइडचं आहे. एवढ्या माऱ्यात मूळची हवा केव्हाच उडून गेली असणार. खालचा शिलारस वायू सोडत राहतो आणि नवी हवा भरत राहते. मात्र वेगवेगळ्या फेऱ्यांत मोजलेला ग्रहाचा प्रकाश सारखा येत नाही, कमी-जास्त होतो. ही गाठ अजून सुटलेली नाही.

आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघानं २०१५ मध्ये या ताऱ्याला कोपर्निकस आणि ग्रहाला यान्सेन हे नाव दिलं. १८६८ च्या ग्रहणात गुंटूरला येऊन सूर्याचा वर्णपट पाहणारे फ्रेंच यान्सेन वेगळे. हा दुर्बिणीच्या शोधाशी नाव जोडलं गेलेला डच चष्मेवाला.

तो तारा तुम्ही स्वतः पाहू शकता. मार्चच्या सुरुवातीला, चंद्र नसलेल्या रात्री दहाच्या सुमारास, पुनर्वसूची जोडी आणि मघा यांच्या मधोमध पुष्यातला धूसर पुंजका शोधा. तिथून उत्तरेला मूठभर सरकलात की कर्केच्या उत्तर टोकाचा तारा लागतो. साध्या द्विनेत्रीत त्याच्या शेजारीच, किंचित पूर्वेला, ५५ कॅन्क्री सापडेल. त्याचा तुमच्या डोळ्यात शिरणारा प्रकाश ४१ वर्षांपूर्वी निघालेला असतो. तेवढ्या काळात या ग्रहाच्या वीस हजारांहून जास्त फेऱ्या झालेल्या असतात.