जेवणघरातली बाग

तांबड्या-पांढऱ्या रश्श्याची ऑर्डर देऊन वाट बघत बसलेल्या माणसाला समोरची भिंत बघण्यावाचून गत्यंतर नसतं. कसबा बावड्यात काय किंवा कोल्हापूरच्या दुसऱ्या कुठल्या टोकाला काय, फॅमिली रूममधल्या त्या भिंतीवर बहुतेकदा एक छापील धबधबा कोसळत असतो, नाहीतर लालभडक मेपलच्या झाडांतून एक पायवाट कुठेतरी निघालेली असते. आपल्याकडे मेपल उगवत नाही, याची मालकाला आणि गिऱ्हाइकाला सारखीच बेफिकिरी. पण भिंतीवर बागच हवी, हे मात्र ठरलेलं.

ही हौस किमान दोन हजार वर्षं जुनी आहे. रोमजवळ प्रिमा पोर्ता इथे १८६३ साली सम्राट ऑगस्टसची राणी लिव्हिया हिच्या वाड्यातली एक खोली सापडली. अर्धी जमिनीखाली, खिडकी नसलेली, साधारण बारा मीटर लांब आणि सहा मीटर रुंद. उन्हाळ्यात गारव्याला बसून जेवण्याची ती जागा असावी, असं अभ्यासक मानतात. तिच्या चारी भिंतींवर बाग रंगवलेली होती: डाळिंबं, गुलाब, खसखशीची फुलं, फांदीफांदीवर पक्षी. वेगवेगळ्या ऋतूंतली फुलं आणि फळं तिथे एकाच वेळी आली आहेत, जे कुठल्याही माळ्याला जमणार नाही. पुढे एक बुटकं कुंपण, मग चालायला पट्टी, मग दुसरा कठडा आणि त्यापलीकडे दाट झाडी. मागची झाडं निळसर आणि धूसर होत गेली आहेत, कारण दूरच्या वस्तूवरून येणाऱ्या प्रकाशात वाटेतल्या हवेने विखुरलेला निळा प्रकाश मिसळतो. जोतिबाचा डोंगर लांबून निळा दिसतो तो याच कारणाने. हे भौतिकशास्त्र एकोणिसाव्या शतकात उलगडलं. रोमन रंगाऱ्याने ते आधीच भिंतीवर लावून टाकलं होतं.

आता त्या छापील धबधब्याच्या जागी आजच्या चित्रकारांनी हाताने रंगवलेल्या बागा आणि दिवाणखाने टांगले, म्हणजे हॉटेलातच प्रदर्शन भरवलं, तर काय होईल? चित्रं तीच, पण बघणारा पार बदलतो. कलादालनात माणूस उभा असतो. तिथे चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण पाच फुटांवर येईल असं चित्र लावतात. हॉटेलात माणूस बसलेला असतो आणि त्याचे डोळे जेमतेम चार फुटांवर असतात. हा एक फुटाचा फरक किरकोळ वाटतो, पण चित्रातल्या जमिनीची सगळी गोम तिथेच आहे. चित्रातलं क्षितिज म्हणजे चित्रकाराच्या डोळ्यांची उंची. ते क्षितिज तुमच्या डोळ्यांच्या रेषेत आलं की चित्रातली हिरवळ तुमच्या पायाखालच्या फरशीला येऊन मिळते. एक फूट वर गेलं की तीच हिरवळ अंगावर कलंडल्यासारखी वाटते. का ते कळत नाही, पण बाग परकी होते.

दिवाणखान्याच्या चित्राची अडचण आणखी मोठी. फरशीच्या रेषा, खांबांच्या ओळी, दारातून दिसणारं पुढचं दार, हे सगळं एका बिंदूकडे धावतं. हा हिशोब काटेकोर जुळतो तो एकाच जागेवरून. युरोपातल्या जुन्या दरबारी नाटकघरांत ती जागा राजाची असे. बाकीच्यांनी जरा वाकडा महाल बघायचा. हॉटेलात अशी मानाची खुर्ची कुठून आणणार? पण इथे मेंदू एक करामत करतो. चित्राची चौकट दिसत असेल, तर आपण तिरके बसलो आहोत हे तो ओळखतो आणि महाल बराचसा सरळ करून घेतो. भिंतभर चिकटवलेल्या, चौकट नसलेल्या चित्राला ही सवलत नीट मिळत नाही. बागेला तर ती फारशी लागतच नाही: पानाफुलांत सरळ रेष नसते, त्यामुळे कुठल्याही टेबलावरून बघा, झाड झाडच राहतं. खाणावळीच्या भिंतीवर बागा टिकून राहिल्या, त्यामागे मला तरी आवडीइतकंच हे भूमितीचं कारण दिसतं.

कोल्हापूरला हे कुणी नव्याने शिकवायला नको. बाग आणि महाल हे दोन विषय इथल्या रंगाऱ्यांनी गजांच्या मापाने रंगवले आहेत. संगीत नाटकांच्या काळात कंपनीच्या सामानात रस्त्याचा, जंगलाचा, बागेचा आणि महालाचा पडदा असायचाच. आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री हे नात्यातले भाऊ, ज्यांना पुढे सगळा महाराष्ट्र ‘पेंटर’ म्हणून ओळखू लागला, त्यांचं नाव अशा पडद्यांमुळेच नाटक मंडळ्यांत गाजलं. पुढे बाबूराव सिनेमाकडे वळले आणि १९२० साली त्यांचा ‘सैरंध्री’ आला. पडदा रंगवणाऱ्याला पुढच्या रांगेतला आणि पार मागचा, दोघेही सांभाळावे लागत. वर दिव्यांचा पिवळा उजेड. पिवळ्या उजेडात निळा प्रकाश कमी असतो, त्यामुळे निळे रंग मळतात आणि हिरवे पिवळटतात. दिवसा खुलणारी बाग रात्री सुकलेली दिसू शकते. हॉटेलातही संध्याकाळी हाच खेळ चालतो. मेणबत्तीइतका मंद उजेड ठेवायची फॅशन असेल तर आणखी गंमत: अंधार वाढत जातो तसा डोळ्याला लाल रंग आधी काळवंडलेला दिसतो आणि हिरवा-निळा त्या मानाने उजळ. पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला याची नोंद केली. म्हणजे जास्वंद विझते आणि तिची पानं जागी राहतात.

हॉटेलात चित्रं लावणं हे दालन न मिळालेल्यांचं काम, असा एक समज आहे. तो खरा आहे, आणि त्यात कमीपणा काही नाही. १८८७च्या अखेरीस पॅरिसमध्ये क्लिशी मार्गावरच्या एका मोठ्या, स्वस्त खाणावळीत व्हॅन गॉगने आपली आणि मित्रांची चित्रं लावली. जेवणारे जेवून गेले. पण गोगॅं, पिसारो आणि सरा ही मंडळी येऊन चित्रं बघून गेली. मुंबईत १९५२ साली जहांगीर आर्ट गॅलरी उघडेपर्यंत तरुण चित्रकारांना दालनांची वानवाच होती. काळा घोड्याजवळच्या चेतना रेस्टॉरंटात त्या आधी चित्रं लागत, आणि के. एच. आरा यांचं पहिलं एकल प्रदर्शन तिथलंच. लहानपणी घरातून पळून आलेला, मुंबईत घरकाम करून आणि मोटारी धुऊन पोट भरलेला हा माणूस पुढे ओळखला गेला तो फुलदाण्यांच्या चित्रांमुळे: टेबल, भांडं, त्यात खोचलेली फुलं. बाग आणि दिवाणखाना यांची गाठ पडते ती फुलदाणीतच. पुढे जहांगीरच्याच पोटात ‘सामोवर’ १९६४ ते २०१५ चाललं. तिथे उलट खाणंच चित्रांच्या घरी राहायला आलं.

उलट्या टोकाचा माणूस मार्क रॉथको. १९५८ साली न्यू यॉर्कच्या फोर सीझन्स या महागड्या रेस्टॉरंटसाठी त्याने चित्रांचं काम घेतलं आणि गडद तांबड्या-काळ्या, बंद खिडक्यांसारख्या चौकटी रंगवल्या. श्रीमंतांची भूक मारायची, असा त्याचा हेतू होता म्हणे. पुढच्या वर्षी तो स्वतः तिथे जेवायला गेला, जेवून आला आणि पैसे परत करून चित्रं स्वतःकडेच ठेवली. लिव्हियाने बिनखिडकीच्या खोलीत बाग उघडली. याने उघड्या शहरात खिडक्या बुजवल्या.

आपल्याकडे भूक मारणं सोपं नाही. चित्रं जगवणं मात्र अवघड आहे. मटणाच्या फोडणीचा धूर तेलकट असतो. तो कॅनव्हासवर बसतो, त्यावर धूळ चिकटते आणि बघता बघता हिरव्याचा खाकी होतो. जलरंग असतील तर वाफ आणि उन्हाची तिरीप दोन्ही घातक. काच लावावी, तर तीत ट्यूबलाइट दिसते आणि बागेऐवजी आपलंच तोंड. काच किंचित पुढे कलती टांगली की तिच्यावरून परतणारा दिव्याचा उजेड डोळ्यांऐवजी खाली जमिनीकडे जातो, हा जुना आणि बिनखर्चाचा उपाय. भटारखान्याच्या दारासमोरची भिंत सोडायची आणि क्षितिज बसलेल्या माणसाच्या डोळ्यांशी जुळवायचं. एवढ्या खाली टांगल्यावर खुर्चीची पाठ फ्रेमला घासणार आणि रश्श्याचे शिंतोडे उडणार. म्हणून टेबल भिंतीपासून हातभर पुढे ओढावं लागतं. मग दोन टेबलं कमी बसतात, आणि रविवारी दुपारी बाहेर ताटकळणाऱ्यांना त्याचं कारण मालकालाच सांगावं लागतं.