घरच्या दुरुस्तीनंतर इंजिनाची तपासणी

पन्हाळा तालुक्यात कासारीच्या काठी ऊस पिकविणाऱ्या बंधूंस तेलावरील इंजिन नवे नाही. १९१० साली किर्लोस्करवाडीस कारखाना निघाला व १९४६ साली पुण्यास किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली, तेव्हापासून विहिरीवर व गुऱ्हाळावर अशा इंजिनांचा प्रसार वाढत गेला. पुढे विजेची मोटर आली. तरी वीज गेली की जुने इंजिनच उपयोगी पडते. हंगामात मिस्त्री वेळेवर मिळत नाही, म्हणून कित्येकजण रिंगा व गॅस्केट स्वतःच बदलतात. त्यात वावगे काही नाही. चूक होते ती पुढेच. इंजिन धडधडू लागताच दुरुस्ती साधली असे मानून चरकाचा पट्टा चढविला जातो. मग इंजिन मध्येच बंद पडले तर तोडलेला ऊस पडून राहतो, त्यातील साखर विघटते व गूळ नीट बसत नाही.

म्हणून तपासणी क्रमाने करावी. प्रथम तेलाची नळी बंद ठेवून चाक हाताने दोन-चार फेरे फिरवावे. कोठे अडले तर जोर करू नये. दाब कमी वाटल्यास सिलिंडरमध्ये चमचाभर वंगण सोडून पुन्हा फिरवावे. दाब वाढला तर दोष रिंगांचा. न वाढला तर झडपांचा अथवा गॅस्केटचा समजावा. हेडचे नट समोरासमोरचे, थोडे थोडे करून आवळलेले असावेत, आणि झडपांची फट त्यानंतरच मोजावी.

मग नवे वंगण घालून इंजिन बिनभाराचे चालवावे. वंगणाचा दाब दिसत नसेल तर ते तत्काळ थांबवावे. थंडाव्याच्या पाण्यात एकसारखे बुडबुडे आले तर गॅस्केट गळते. निळसर धूर म्हणजे वंगण जळते. काळा धूर म्हणजे तेल अधिक वा हवा कमी. आरंभीचा पांढरा धूर इंजिन तापताच नाहीसा झाला पाहिजे.

अर्ध्या तासाने इंजिन बंद करावे व निवल्यावर वंगण पांढऱ्या फडक्यावर काढून पाहावे. ते दुधाळ असेल तर आत पाणी शिरले आहे. नव्या रिंगा बसताना किंचित बारीक भुकटी येतेच. परंतु बोटास टोचणारे कण आल्यास लोहचुंबक लावावा. चिकटले ते लोखंड. न चिकटणारी चंदेरी वा तांबूस चकाकी बहुधा बेअरिंगची अथवा पिस्टनची असते. अशी चकाकी दिसल्यास इंजिन पुन्हा सुरू करू नये. नाहीतर एका बेअरिंगच्या खर्चावर भागले असते तेथे क्रँकशाफ्ट गमवावा लागेल.

अशा वेळी मिस्त्रीस बोलवावे, आणि आपण काय उघडले, काय बदलले, ते संकोच न धरता सांगावे. लपविलेली चूक शोधण्यातच त्याचा दिवस जातो, आणि तिकडे ऊस वाळत असतो.