सैल रिव्हेटची साक्ष

कांदिवलीच्या गच्चीवर अमोल यादवांनी बांधलेले विमान मुंबईकरांनी २०१६ साली पाहिले. अशा घरगुती विमानांचे अंग पुष्कळदा रिव्हेटनी जोडलेल्या ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे असते. रिव्हेटच्या डोक्यामागे काळपट ओघळ दिसला, की तो सैल झाला समजावे. थरथरीने घासलेल्या धातूची ती भुकटी. त्यालाच पुन्हा ठोकू नये, धातू ठिसूळ होतो. ड्रिलने डोके पोखरून तो काढावा. भोक मोठे झाले असेल, तर पुढच्या मापाचा घालावा. ठोकलेले टोक व्यासाच्या दीडपट रुंद, निम्मे उंच हवे.

बँकेत रुपयाचा फरक आला तर खिशातून भरणे सोपे होते. पण आम्ही रात्रीपर्यंत शोधत बसायचो, कारण त्यामागे मोठी चूक दडलेली असे. म्हणूनच शेजारचे रिव्हेटही तपासायचे.