अथेन्सचें अन्न व समुद्र

ग्रीस देशाचा नकाशा समोर ठेवला असतां प्रथम नजरेस येतात ते डोंगर. देशाची बहुतेक भूमि त्यांनींच व्यापिली असून मधून मधून लहान लहान खोरीं आहेत. एका खोऱ्यांतून दुसऱ्यांत जावयाचें म्हणजे घाट चढणें आलें. नाईल नदीच्या कांठीं मिसर देशांत एकाच राजाचा अंमल चालला, तसें येथें घडलें नाहीं. खोऱ्याखोऱ्यांत स्वतंत्र नगरराज्य उभें राहिलें. भाषा एक, देव तेच, पण आपसांतील लढाया अखंड!

हे लोक समुद्राच्या आधारानें जगले. त्यांतहि अथेन्सचा इतिहास विशेष पाहण्यासारखा आहे. त्या शहराच्या अ‍ॅटिका प्रांतांत माती पातळ व पाऊस थोडा. जव कसेबसे पिकत, गहूं त्याहूनहि कमी. परंतु पवित्र शास्त्रामुळें आमच्या वाचकांच्या परिचयाचें जें जैतुनाचें झाड, तें अशा खडकाळ जमिनींतहि चांगलें वाढतें. इ. स. पूर्वी ५९४ च्या सुमारास सोलन यानें कायदे केले. त्यांत जैतुनाच्या तेलाखेरीज शेतीचें कोणतेंहि उत्पन्न परदेशीं विकूं नये असा एक होता, असें प्लुटार्क सांगतो. तेलाचे रांजण घेऊन गलबतें जात व धान्य घेऊन परत येत. पुढें वस्ती इतकी वाढली कीं, काळ्या समुद्राच्या उत्तरेकडील धान्य आल्यावांचून शहराचें पोट भरेना.

इ. स. पूर्वी ४८३ च्या सुमारास लॉरियम येथील खाणींत पुष्कळ चांदी सांपडली. ती नागरिकांनीं वांटून घ्यावी असा विचार चालला होता. थेमिस्टोक्लीझनें त्यांचें मन वळवून त्या पैशाचीं लढाऊ जहाजें बांधविलीं. हा मोह आवरणें सोपें नव्हतें! इ. स. पूर्वी ४८० मध्यें सॅलॅमिसच्या चिंचोळ्या खाडींत इराणच्या अवाढव्य आरमाराची आपसांतच कोंडी झाली, आणि त्याच जहाजांनीं त्याचा पराभव केला.

मात्र काळ्या समुद्राकडील धान्य हेलेस्पाँटच्या अरुंद सामुद्रधुनींतूनच यावयाचें. इ. स. पूर्वी ४०५ मध्यें स्पार्टाचा सेनापति लायसँडर यानें तेथेंच अथेन्सचें आरमार धरिलें. शहराचा तट शाबूत होता, पण कोठारें रिकामीं झालीं. माणसें उपासमारीनें मरूं लागलीं, आणि पुढल्या वर्षीं अथेन्स शरण गेलें. तहाच्या अटीप्रमाणें बंदराकडे जाणाऱ्या लांब भिंती पाडण्यांत आल्या, आणि अथेन्सजवळ अवघीं बारा जहाजें राहूं दिलीं.