मागच्या बाकावरचं इंग्रजी

बेंगळुरूत शनिवारी सकाळी मी एका सरकारी शाळेत इंग्रजीच्या तासाला मदत करते. शिकवतात बाईच, मी मागच्या बाकावर बसते. वर्गात कन्नड, तमिळ, तेलुगू, उर्दू बोलणारी मुलं, आणि मी मराठी!

बरीच मुलं ‘बस’ला ‘बस्सु’ म्हणतात. हा आळस नव्हे. कन्नडमध्ये बहुतेक शब्द स्वरावर संपतात, म्हणून जीभ आपोआप ‘उ’ जोडते. हे कळलं की हसू येत नाही, उपाय सुचतो. उलट ‘इट’ त्यांना सहज जमतं, कारण कन्नडमध्ये निर्जीव वस्तू ‘अदु’, म्हणजे ‘ते’. आपल्याकडे मात्र खुर्ची ‘ती’ आणि पंखा ‘तो’!

तुम्हीही जाणार असाल तर प्रश्न विचारून थांबायला शिका. मनात दहा आकडे मोजा. उत्तर आधी घरच्या भाषेत येऊ द्या, मग इंग्रजीत.

एक मुलगी इतरांच्या हसण्याला भिऊन दोन महिने गप्प होती. उत्तर फक्त माझ्या कानात सांगायची. एका शनिवारी ती उभी राहिली, ‘माय फादर ड्राइव्ह ऑटो.’ बाईंनी व्याकरण बाजूला ठेवून विचारलं, ‘व्हेअर?’

‘मॅजेस्टिक,’ ती म्हणाली. वर्गात कुणी हसलं नाही.