रमजानची जकात, वर्षभराचे उपचार

रमजान सुरू झाला की मुस्लिम घरांत जकातीचा हिशेब मांडला जातो. देणी वजा जाता ७.५ तोळे सोने किंवा ५२.५ तोळे चांदी, अथवा तेवढ्या किमतीची रोकड वा व्यापारी माल वर्षभर शिल्लक असेल, तर त्याचा २.५ टक्के हिस्सा देणे फर्ज आहे. हे उपकार नव्हेत, तो गरजूचा हक्क आहे. कुरआनच्या सूरह तौबामध्ये जकातीचे आठ हकदार सांगितले आहेत. त्यांत गरीब आहेत, कर्जबाजारी आहेत आणि वाटेत अडकलेला मुसाफिरही आहे.

स्तनाचा कर्करोग झालेली गरीब घरातली बाई अनेकदा एकाच वेळी हे तिन्ही असते.

भारतीय स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळणारा हा कर्करोग. सुरुवातीची गाठ बहुधा दुखत नाही, त्यात लाज. म्हणून दवाखाना लांबतो. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशनला मदत मिळते. पण केमो साधारणपणे दर दोन-तीन आठवड्यांनी, काही महिने चालते. रेडिएशन आठवड्यातून पाच दिवस, तेही काही आठवडे. गावाहून परळच्या टाटा रुग्णालयात जायचे, तर गाडीभाडे, राहणे, जेवण आणि सोबत येणाऱ्याची बुडालेली मजुरी हा खर्च घरालाच सोसावा लागतो. अनेकींना पुढे ५ ते १० वर्षे गोळ्याही घ्याव्या लागतात. पैसे संपले की उपचार अर्धवट सुटतात.

आपली मदत मात्र एकाच महिन्यात वाटून संपते. जकात अडवून ठेवायची नसते, हे खरे. पण बहुतेक उलेमांच्या मते पुढच्या वर्षाची जकात आगाऊ देता येते. मोहल्ल्यातील दहा-वीस घरांनी ती दरमहा थोडी थोडी दिली, तर एका बाईच्या सगळ्या फेऱ्या पूर्ण होतील.

जकात सर्वसाधारणपणे मुस्लिम गरजूंसाठी असते. सदका कोणत्याही धर्माच्या गरजूला देता येतो. म्हणून फंडाचे दोन वेगळे हिशेब ठेवावेत. शेजारच्या खाटेवरची बाई हिंदू असो, बौद्ध असो, तिच्या गाडीभाड्याची सोय सदक्यातून व्हावी. त्यात इतर धर्मीय शेजाऱ्यांनीही हातभार लावला, तर आनंदच आहे. मदत घेणारीचा फोटो मात्र काढू नये. तिचा आजार ही तिची खासगी बाब आहे.

आजारी माणसाला रोजातून सवलत आहे. तिच्या केमोच्या तारखा मात्र ईदनंतरही येत राहतात. तेव्हाही आपला हात आखडू नये.