औषध शब्दावर, पेन्शन मात्र कागदावर!

अमेरिकेच्या राजधानीत, व्हाइट हाउसपासून हाकेच्या अंतरावर, माजी सैनिकांच्या कल्याण खात्याची मुख्य कचेरी आहे. अध्यक्ष लिंकन यांनी १८६५ साली दुसऱ्यांदा अधिकारग्रहण करताना जे भाषण केले, त्यातील एक वाक्य या खात्याने १९५९ साली ब्रीद म्हणून स्वीकारले आणि कचेरीच्या दाराशी पाटीवर झळकविले. ज्याने रणाचा भार वाहिला त्याची, त्याच्या विधवेची आणि त्याच्या पोरक्या लेकराची काळजी राष्ट्राने वाहावी, असा त्याचा आशय. लिंकनच्या मुखी ते शोभले. परंतु १९५९ साली ते उचलून दाराशी लावणाऱ्यांना एका गोष्टीचे भान राहिले नाही. अमेरिकेच्या सैन्यात स्त्रियांना कायमचे स्थान देणारा कायदा १९४८ सालीच झालेला होता. त्या पाटीवर स्त्री होती, ती विधवा म्हणून. शिपाई म्हणून नव्हे. ते वाक्य बदलावयास २०२३ चा मार्च उजाडावा लागला! आज त्या देशात माजी सैनिक स्त्रियांची संख्या सुमारे २० लाख आहे.

पाटी बदलली हे चांगलेच झाले. पाटीमागचा कारभार किती बदलला, एवढाच आमचा प्रश्न आहे.

या खात्याच्या दवाखान्यात उपचारासाठी येणाऱ्या प्रत्येक माजी सैनिकाला डॉक्टर एक प्रश्न विचारतात : सेवेत असताना तुमच्यावर लैंगिक अत्याचार झाला होता काय, किंवा धाकदपटशाचा लैंगिक छळ सोसावा लागला होता काय? तीन स्त्रियांमागे एक स्त्री 'होय' म्हणते. पुरुषांत हे प्रमाण पन्नासांत एक असे आहे; आणि सैन्यात पुरुष फार म्हणून अशा पुरुषांची संख्याही थोडी नाही. शत्रूने नव्हे, आपल्याच पलटणीतल्या माणसाने, पुष्कळदा आपल्याच वरिष्ठाने केलेली ही जखम आहे.

या जखमेवरील औषधाची कथा आधी सांगितली पाहिजे, कारण ती अमेरिकेला भूषणावह आहे. १९९१ च्या सप्टेंबरात लास व्हेगासच्या एका हॉटेलात नौदलाच्या वैमानिकांचा 'टेलहुक' नावाचा मेळावा भरला. तेथील धिंगाण्यात ८३ स्त्रियांवर आणि ७ पुरुषांवर हात टाकला गेल्याचे पुढे संरक्षण खात्याच्याच चौकशीत निघाले. पॉला कॉफ्लिन या हेलिकॉप्टर चालविणाऱ्या लेफ्टनंटने ते उघड बोलण्याचे धैर्य दाखविले, आणि देश हादरला. १९९२ च्या अखेरीस काँग्रेसने कायदा करून अशा स्त्रियांसाठी समुपदेशनाची सोय केली. तीत आरंभी मुदतीच्या अटी होत्या. जणू असल्या दुःखाला पंचांग असते! पुढे १९९४ साली कायदा दुरुस्त झाला, पुरुषही त्यात आले, आणि २००४ साली ही योजना कायमची झाली. आज स्थिती अशी की, या आघातातून उद्भवलेल्या शारीरिक वा मानसिक व्याधीवर फुकट उपचार मिळतात. त्यावेळी तक्रार केली होती काय, असे कोणी विचारत नाही. कागद मागत नाही. पेन्शन आहे की नाही हेही पाहत नाही. प्रत्येक मोठ्या दवाखान्यात या कामासाठी एक समन्वयक नेमलेला असतो. तिचा शब्द हाच पुरावा!

तरीही त्या दाराची पायरी चढणे सोपे नाही. दवाखान्याच्या प्रतीक्षागृहात सगळीकडे पुरुष, आणि खिडकीपाशी जाताच 'तुमचे यजमान कोणत्या दलात होते?' असा भोळा प्रश्न! तेथे येणाऱ्या चार स्त्रियांपैकी एकीला अन्य माजी सैनिकांकडून छेडछाडीचा अनुभव येतो, असे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत आढळले. ज्या वातावरणातून पळून आलो तेच पुन्हा औषधाच्या रांगेत भेटावे, यासारखा दैवदुर्विलास कोणता?

आता दुसऱ्या दाराकडे वळू. उपचार एक आणि भरपाई दुसरी. जिची झोप गेली, नोकरी टिकेना, संसार मोडला, तिला औषधाइतकीच दरमहाच्या रकमेची गरज असते. ही रक्कम अपंगत्वाच्या टक्क्यांवर ठरते. सरकारवर फिर्याद करून ती मिळवावी म्हटले तर सर्वोच्च न्यायालयाच्या १९५० च्या फेरेस निकालाने ती वाट बंद केलेली आहे. सेवेच्या ओघात झालेल्या इजेबद्दल सैनिकाला सरकारकडून नुकसानभरपाई मागता येत नाही. तेव्हा उरते ते हेच खाते. आणि येथे, त्याच खात्याच्या छपराखाली, तोच शब्द एकाएकी निरुपयोगी ठरतो! रोगाचे निदान हवे, सेवेत घडलेली घटना हवी, दोहोंचा संबंध डॉक्टरने जोडलेला हवा. आणि घटनेला पुरावा हवा.

पुरावा कोठून आणायचा? संरक्षण खात्याच्या स्वतःच्या सर्वेक्षणानुसार २०२१ या आर्थिक वर्षात सुमारे ३६,००० सैनिकांना नको असलेल्या लैंगिक स्पर्शाला किंवा अत्याचाराला तोंड द्यावे लागले; त्यांतील पाचांत एकानेच तक्रार केली. २००५ पूर्वी तर गुप्तपणे तक्रार करण्याची सोयच नव्हती. तक्रार न्यायची ती वरिष्ठाकडे, आणि तो वरिष्ठ बहुधा आरोपीचा स्नेही, क्वचित स्वतः आरोपी. टेक्सासमधील फोर्ट हूड येथे २०२० साली व्हनेसा गियेन या वीस वर्षांच्या सैनिक मुलीची हत्या झाल्यावर कायदा हलला, आणि २०२३ च्या डिसेंबरपासून अशा गुन्ह्यांवर खटला भरण्याचा निर्णय वरिष्ठांच्या हातून काढून स्वतंत्र वकिलांकडे गेला. पण जी १९७५ साली वा १९८७ साली गप्प बसली, तिला त्याचा काय उपयोग?

२००२ च्या नियमाने थोडी दया दाखविली. सैन्याच्या दफ्तरात नोंद नसली तर अन्य खुणा चालतील, असे ठरले : गर्भचाचणीचा कागद, मैत्रिणीला लिहिलेले पत्र, धर्मगुरूचे निवेदन, एकाएकी मागितलेली बदली, अचानक घसरलेले काम, सुरू झालेले मद्यपान. नियम समंजस आहे. परंतु त्यातली विसंगती पाहा. जी खचली, पिऊ लागली, कामात चुकू लागली, तिच्याजवळ पुरावा आहे. जिने दात ओठ खाऊन परेडला जाणे सोडले नाही, जिचा सेवाअहवाल निष्कलंक राहिला, तिचा कागद कोरा! धैर्याचा एवढा दंड आम्ही दुसरीकडे पाहिला नाही. तक्रार केली नाही म्हणून घटना घडलीच नाही असे मानता येणार नाही, हे त्या खात्याला २०१३ साली अपील न्यायालयाला बजावून सांगावे लागले, यावरून काय ते समजावे.

आणि ज्या गोष्टीने आम्हांस खरा संताप येतो ती पुढेच आहे. २०१० च्या जुलैत याच खात्याने आपला नियम शिथिल केला. इराक-अफगाणिस्तानातून परतलेल्या सैनिकाने सांगावे की, मी शत्रूच्या किंवा अतिरेक्यांच्या हल्ल्याच्या भयाखाली दिवस काढले; त्याचे म्हणणे त्याच्या नेमणुकीच्या ठिकाणाशी आणि परिस्थितीशी जुळले, खात्याच्या मनोविकारतज्ज्ञाने त्यास दुजोरा दिला आणि उलट स्पष्ट पुरावा नसला, तर त्याचा शब्द पुरे. कोणता बॉम्ब, कोणत्या दिवशी, हे कागदाने सिद्ध करावे लागत नाही. हा नियम रास्त आहे. युद्धभूमीवर कारकून नसतो. पण मग बराकीत मध्यरात्री कारकून असतो काय? शत्रूच्या भयाबद्दल सैनिकाचा शब्द खरा, आणि सोबत्याच्या अत्याचाराबद्दल त्याच सैनिकाचा शब्द अपुरा, हे कोणत्या न्यायशास्त्रात बसते?

कोणी म्हणेल, पैशाचा प्रश्न आला की खोटे बोलणारेही येतील. येतील. ते २०१० च्या नियमातूनही येऊ शकत होते. म्हणूनच त्यात तज्ज्ञाची तपासणी ठेवली आहे. तीच चाळणी येथे लावा. अधिक काही आम्ही मागत नाही.

नियम कसाही असो, तो निदान नीट पाळावा. तेही झाले नाही. खात्याच्याच महानिरीक्षकांनी २०१८ साली अहवाल दिला. २०१७ मधील सहा महिन्यांत फेटाळलेल्या सुमारे २,७०० दाव्यांपैकी अंदाजे १,३०० दाव्यांची हाताळणी चुकीची होती. कोठे वैद्यकीय तपासणीच करविली नाही, कोठे खुणा शोधल्याच नाहीत. २०२१ साली पुन्हा पाहणी झाली, तेव्हाही सुधारणा समाधानकारक नव्हती. त्याच वर्षाच्या जानेवारीत झालेल्या कायद्याने हे दावे खास प्रशिक्षित पथकांकडे सोपविण्याचे बंधन घातले आहे. कायद्याच्या त्या भागाला डेबोरा सॅम्पसनचे नाव आहे. ही बाई १७८२ साली पुरुषाच्या वेषात स्वातंत्र्यसैन्यात शिरली. जखमी झाली तेव्हा आपण स्त्री असल्याचे उघड होऊ नये म्हणून मांडीतली गोळी तिने स्वतःच काढली, असे सांगतात. तिच्या पेन्शनसाठी १८०४ साली पॉल रिव्हिअरला पत्र लिहावे लागले, तेव्हा कोठे पुढच्या वर्षी ती मंजूर झाली. दाखल्यासाठी स्त्री सैनिकाला कोणा थोराची चिठ्ठी लागते, ही रीत तेव्हापासूनची दिसते.

हे सारे सातासमुद्रापलीकडचे, असे आमच्या वाचकांनी समजू नये. खडकवासल्याच्या प्रबोधिनीतून २०२५ च्या मे महिन्यात मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली, सतराजणी होत्या. आपल्याकडेही अपंगत्वाची पेन्शन, ती व्याधी सैनिकी सेवेमुळे उद्भवली वा बळावली, हे ठरल्यावरच मिळते. अमेरिकेचे नियम वाचून ठेवण्याची वेळ आजच आहे. पन्नास वर्षांनी नव्हे.

मेन राज्यातील रूथ मूर यांची हकीकत त्या देशात सर्वश्रुत आहे. अठराव्या वर्षी नौदलात गेल्या. १९८७ साली अॅझोर्स बेटांवरील तळावर वरिष्ठाने अत्याचार केला. त्यांनी तक्रार केली. परिणाम असा की 'व्यक्तिमत्त्वविकार' असा शेरा मारून त्यांनाच घरी पाठविण्यात आले. पेन्शन मिळावयास तेवीस वर्षे लागली. त्यांनी २०१२ साली प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढे हे सारे सांगितले. त्यांच्या नावाचे विधेयक आले. आम्ही वर जी मागणी केली तिच्याच वाटेचे. ते प्रतिनिधिगृहाने २०१३ मध्ये मंजूर केले, २०१५ मध्ये पुन्हा मंजूर केले. सिनेटमधून ते दोन्ही वेळा बाहेर पडले नाही.